नोकरी सोडण्याआधी ऑफिसात खरं काय ते सांगा

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४७ वर्षांची, इंदूरला सुदामानगरात राहते. विजयनगरच्या एका खासगी कंपनीत सोळा वर्षं अकाउंट्स सांभाळते. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमरचं निदान केलं. मिस्टर पीथमपूरला पहिल्या पाळीत असतात, चारपर्यंत घरी येतात, पण 'आई माझं ऐकत नाही' म्हणून सगळं माझी वाट बघत थांबतं. दुपारी सासूबाईंजवळ कोणी नसतं, म्हणून बारावीतला मुलगा कोचिंग बुडवून घरी बसतो. नणंद पुण्याला. ती फोनवर रडते आणि 'तूच गं सगळं करतेस' म्हणते. गेल्या पंधरवड्यात सासूबाईंचं अचानक वाढलंय. रात्रभर झोपत नाहीत, संध्याकाळी पिशवी भरून 'मला रामबागेत घरी सोडा' म्हणून दाराशी उभ्या राहतात. मेडिकलवाल्यानं दिलेली सर्दीची गोळी दोनदा दिली, तेवढ्या झोपल्या. ऑफिसात मी कधी 'मुलाला ताप', कधी 'माझं पोट बिघडलं' सांगून सुट्ट्या काढल्या. सीएल संपल्या. मॅनेजर परवा म्हणाले, हल्ली तुमचं लक्ष नसतं. त्याच रात्री सासूबाईंनी माझ्या अंगावर पाणी ओतलं आणि माझा हात उठला. त्यांना लागलं नाही. पण मी स्वतःला ओळखलंच नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?"

ताई,

राजीनामा आत्ता देऊ नका. का, ते सांगतेच. पण त्याआधी एक काम आहे, ते उद्या सकाळीच करा. सासूबाईंची लघवी तपासायला द्या आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करून 'पंधरा दिवसांत अचानक वाढलंय' हे शब्द जसेच्या तसे सांगा. अल्झायमर हळूहळू उतरणीला लागतो, महिन्या-महिन्यांनी. काही दिवसांत एकदम बिघडलं तर त्यामागे बहुतेकदा दुसरं काहीतरी असतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, कुठेतरी दुखत असणं आणि ते सांगता न येणं, नाहीतर नवीन सुरू झालेलं एखादं औषध. या वयात संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. कारण सापडलं आणि उपचार झाले तर पुष्कळदा माणूस आधीच्या पातळीवर परत येतो. आणि ती सर्दीची गोळी बंद करा. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या (म्हणजे डिमेन्शियाच्या, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) रुग्णाचा गोंधळ आणखी वाढतो, लघवी अडकते, तोल जातो. झोपेसाठी काही द्यायचंच असेल तर ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील, मेडिकलवाला नाही.

आता त्या रात्रीबद्दल. हात उठला हे तुम्ही लिहिलंत, लपवलं नाहीत. म्हणून मीही सरळ लिहिते. ते व्हायला नको होतं, आणि पुन्हा होऊ नये यासाठी काहीतरी बदलावंच लागेल. पण त्यावरून तुम्ही वाईट आहात असं मी अजिबात मानत नाही. रात्रीची झोप नाही, दिवसभर नोकरी, शिवाय खोटं बोलण्याचं ओझं, अशा अवस्थेत कुणाचाही तोल सुटतो. पुन्हा कधी तसं वाटलं तर सासूबाई सुरक्षित जागी बसल्यात एवढं बघा आणि त्या खोलीतून बाहेर पडा, नवऱ्याला उठवा. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठवा. आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच भरून ठेवा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची सेवा २०२२ पासून चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. ती रुग्णासाठी आहे तशी रुग्णाला सांभाळणाऱ्यासाठीही आहे. तुम्ही स्वतःसाठी फोन करायचा आहे.

राजीनाम्याचं म्हणाल तर हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. निदानानंतर अल्झायमरचे रुग्ण साधारण चार ते आठ वर्षं जगतात, काही जण त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे तुम्ही आज सोडलंत तर पन्नाशीच्या पुढे पुन्हा दार ठोठवावं लागेल, तेही मधल्या वर्षांच्या रिकाम्या जागेसह. तोवर पगार नाही, पीएफमध्ये भर नाही, कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तोही गेला. आणि खर्च मात्र वाढत जाणार, कारण पुढच्या टप्प्यावर चोवीस तासांसाठी पाळीपाळीने दोन माणसं लागू शकतात. त्या टप्प्यावर घरात दोन पगार असणं फार उपयोगी पडतं. आणखी एक गोष्ट मला पैशांइतकीच मोठी वाटते. घरी बसलात की बाकी सगळे मोकळे होतील. मिस्टरांची संध्याकाळ मोकळी, नणंदेचा जीव मोकळा, आणि तुमचे चोवीस तास त्या एका खोलीत. जिचा नोकरी करताना हात उठला, तिला विसाव्याची एकमेव जागा सोडायला मी सांगणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची? माझ्या मते ऑफिसातून, आणि तीही खरं सांगून. 'मुलाला ताप' आणि 'पोट बिघडलं' या कारणांनी मॅनेजरच्या मनात तुमचं एक चित्र तयार झालंय: कामातून लक्ष उडालेली बाई. खरं कारण कळलं तर चित्र बदलेल. मिस्टरांना हे बाहेर सांगायचं नाही असं वाटत असेल, 'लोक आईला वेडी म्हणतील' ही भीती असेल, तर त्यांना सांगा की हा मेंदूचा आजार आहे आणि तो घरोघरी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या १०० माणसांत सातपेक्षा जास्त लोकांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे ८८ लाख. तुमच्या मॅनेजरच्या घरात, निदान नात्यात, असं कोणीतरी असण्याची शक्यता चांगलीच आहे.

कायद्याच्या बाबतीत फार आशा लावू नका. जपानात घरच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी प्रत्येक रुग्णामागे एकूण ९३ दिवसांची रजा कायद्याने मिळते, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा बिनपगारी मिळते. आपल्याकडे ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी मुलांसाठी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, पण म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यासाठी खासगी नोकरीत असा वेगळा हक्कच नाही. हे चुकीचं आहे आणि बदलायला हवं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना निदान वर्षाच्या ३० अर्जित आणि २० अर्ध्या पगारी रजा आहेत, आणि त्या आईवडिलांच्या देखभालीसाठी वापरता येतात हे २०२५ मध्ये सरकारने संसदेत स्पष्ट केलंय. तुम्हाला मिळेल ते बोलून, मागून मिळेल. म्हणूनच मागायचं कसं याला महत्त्व आहे.

नुसतं 'थोडं ॲडजस्ट करा' म्हणू नका. मॅनेजरला काहीच ठरवता येत नाही अशा मागणीवर. तोंडी बोला आणि मग ईमेल करा, साधारण असं: 'माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे, डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. मधल्या काळात सुट्ट्यांची खरी कारणं मी सांगू शकले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. हा आजार बरा होणारा नाही आणि मला नोकरी करायची आहे. पुढचे तीन महिने मला साडेनऊऐवजी साडेदहाला येऊन साडेसातला निघण्याची, आणि आठवड्यातून एक दिवस घरून काम करण्याची परवानगी हवी आहे. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या दिवशी, आणि मार्च एंडला मी पूर्ण वेळ ऑफिसात असेन. तीन महिन्यांनी आपण एकत्र बसून बघू.' ११ आणि २० तारीख मुद्दाम घातली आहे. अकाउंट्सच्या माणसाला सगळ्यांत जास्त धास्ती त्याच दिवसांची असते, आणि ती तुम्ही आधीच दूर केलीत तर बाकीचं मान्य करणं सोपं जातं. सोबत एचआरला तीन गोष्टी विचारा. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये सासू-सासरे येतात का? बिनपगारी रजा किती दिवसांपर्यंत मिळते? आणि समुपदेशनाची सोय आहे का? बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी गुप्तता राखणारे समुपदेशक नेमलेले असतात, फक्त तो नंबर कुणी वापरत नाही.

आता घर. मुलाला या सगळ्यातून आधी बाहेर काढा. आजीवर त्याची माया असेल, असू दे. रोज अर्धा तास त्याने तिच्याजवळ बसावं, जुने फोटो दाखवावेत. पण बारावीच्या मुलाने कोचिंग बुडवून पहारा द्यायचा, ही व्यवस्था एक दिवसही चालू ठेवू नये.

तुमच्या पत्रावरून दिसतंय की खरी पोकळी साडेनऊ ते चार एवढीच आहे. म्हणजे बारा तासांची बाई लागत नाही, साडेसहा-सात तासांची लागते. घरी बाई पुरवणाऱ्या ब्यूरोला तेवढंच सांगा. पोलीस व्हेरिफिकेशन मागा, आणि पहिले तीन-चार दिवस तुम्ही किंवा मिस्टर घरी असतानाच तिला यायला सांगा. सासूबाईंना 'ही तुमची देखभाल करायला आलीय' असं सांगितलं तर त्या तिला हाकलतील. 'माझ्या हाताखाली कामाला ठेवलीय, जरा तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवा' असं सांगा. ज्यांनी घर चालवलंय त्यांना हे पटतं. इंदुरात मिळणारी बाई हिंदी नाहीतर माळवी बोलणारी असणार. सासूबाईंना आज हिंदी येतं, पण आजार पुढे सरकला की नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी सुटते आणि लहानपणची तेवढी उरते. म्हणून त्या बाईला पाच-सहा मराठी वाक्यं आत्तापासून शिकवा: पाणी हवंय का, सू लागलीय का, दुखतंय का, चला जेवायला. फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर औषधांच्या वेळा, त्यांना काय हाक मारलेली आवडते, अंघोळ कधी निमूट करतात, कशानं चिडतात, आणि तुमचे तिघांचे नंबर. बाथरूमची आतली कडी काढून टाका. कोणी जवळ नसताना गॅस सिलेंडरच्या रेग्युलेटरलाच बंद असू द्या. पदराला पिन केलेली चिठ्ठी हरवते, त्यापेक्षा नाव आणि फोन कोरलेलं साधं कडं हातात घाला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, शेजारच्यांना सांगून ठेवा की या एकट्या दिसल्या तर गप्पा मारत थांबवा आणि फोन करा. तरीही निघून गेल्याच तर शोधण्यात तास घालवू नका, लगेच ११२ लावा. त्या दिवशी घातलेल्या साडीचा फोटो रोज सकाळी काढून ठेवायची सवय तेव्हा फार कामाला येते.

दिवसभर ठेवून घेणारं डे केअर कुणी सुचवलं तर पैसे भरण्याआधी दुपारच्या वेळी न सांगता जाऊन या. नुसतं भजन आणि कॅरम असेल तर ते धडधाकट ज्येष्ठांसाठी आहे. शी-शूचं कोण बघतं, दार उघडं असतं की कुणी दारावर असतं, किती जणांमागे एक माणूस आहे, आणि रुग्ण चिडला तर काय करतात, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'गोळी देतो' असं आलं तर परत फिरा. जवळपास काय सोय आहे हे विचारायला १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी नंबर आहे, एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. आजाराबद्दल आणि घरी कसं वागायचं याबद्दल 'डिमेन्शिया केअर नोट्स' या संकेतस्थळावर खूप उपयोगी मजकूर आहे, हिंदीतही. तो मिस्टरांना वाचायला द्या.

कारण चारपासून तुम्ही घरी येईपर्यंतच्या वेळेचा ताबा त्यांनी घ्यायचा आहे. 'आई माझं ऐकत नाही' हे मी समजू शकते, पण सासूबाई आता कुणाचंच 'ऐकत' नाहीत, तुमचंही नाही. तुम्ही फक्त शिकलात. तेही शिकतील. आणि नेमकी हीच वेळ कठीण असते, कारण ऊन उतरायला लागलं की या रुग्णांची अस्वस्थता वाढते. पिशवी भरून दाराशी येतात ना, तेव्हा 'हेच तर आपलं घर' असं म्हणायचं नाही. रामबागेतलं घर त्यांच्यासाठी आजही उघडं आहे, तुम्ही नाही म्हटलंत की भांडण होतं. मिस्टरांनी आधीच चार वाजता घरातले सगळे दिवे लावावेत, टीव्हीवरच्या बातम्या बंद कराव्यात. आई दाराशी आली की चप्पल घालून तिच्याबरोबर निघावं. 'चल, जाऊ. रामबागेत अंगणात काय काय होतं गं?' एवढं विचारून गल्लीच्या टोकापर्यंत चालावं, ती सांगेल ते ऐकावं, आणि वळून 'आधी चहा घेऊ, मग बघू' म्हणत परत यावं. रोज जमेल असं नाही. काही दिवशी पिशवी तीनदा भरली जाईल. पण मुलगा हात धरून चालतोय हे त्यांना कळतं, जागा कळली नाही तरी.

नणंदेलाही कामाला लावा. रागाने नाही, कागद घेऊन. बाईचा पगार, औषधं, डायपर, डॉक्टर यांचा महिन्याचा हिशेब लिहा आणि भाऊ-बहिणीने आपसात वाटून घ्यायला सांगा. सासूबाईंचं पेन्शन असेल तर आधी ते त्यांच्यावरच खर्च व्हायला हवं. दुसरं, वर्षातून दोनदा दहा-पंधरा दिवस तिने इंदूरला येऊन राहायचं आणि त्या दिवसांत तुम्ही तिघं कुठेतरी जायचं. सासूबाईंना पुण्याला पाठवू नका. नवं घर, नवं बाथरूम, अनोळखी दिवे, यात गोंधळ एकदम वाढतो आणि परत आल्यावरही घडी बसायला दिवस लागतात. ती लांबून रडते, कारण तिला करण्यासारखं काही दिलेलंच नाही, असं मला वाटतं. फोनवरून होणारी कामंही आहेत: डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटी, औषधांची ऑनलाइन ऑर्डर, ब्यूरोशी बोलणं.

पैशांच्या कागदांना उशीर करू नका, यात वेळ खरोखर हातातून जाते. सासूबाईंना आज सही करता येते आणि कशावर करतोय हे समजतं, तोवर बँक खातं मिस्टरांबरोबर जॉइंट करून घ्या, नॉमिनेशन तपासा, मृत्युपत्र करायची त्यांची इच्छा असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह करून घ्या. पुष्कळ लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. आपल्या करार कायद्यानुसार, ज्याने मुखत्यारपत्र दिलं त्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकार संपतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. नंतर पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. सही नुसती बिघडली असेल, पण समज शाबूत असेल, तर बँकेत दोन साक्षीदारांसमोर अंगठ्यावरही व्यवहार होतो. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच करता येतो, त्यांना रांगेत उभं करू नका.

सासूबाई सत्तरीपुढच्या आहेत, तेव्हा सरकारच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. ते फक्त दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, बाईच्या पगाराला नाही, पण या आजारात पडून खुब्याचं हाड मोडणं ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा कामी येतं. प्राप्तिकरात, जुन्या करपद्धतीत असाल तर, आजवर ८०-डीडीबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वजावटीत स्मृतिभ्रंश येतो. रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं न्यूरोलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं. ही वजावट आईवडिलांसाठी आहे, सासू-सासऱ्यांसाठी नाही. म्हणजे ती मिस्टरांच्या रिटर्नमध्ये घ्यायची, तुमच्या नाही, आणि आई त्यांच्यावर अवलंबून असायला हवी. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेवढं तुम्ही बघालच.

एवढं सगळं एका आठवड्यात होणार नाही. लघवीची तपासणी उद्या. मिस्टरांशी बोलणं या रविवारी, मुलगा घरात नसताना. मॅनेजरशी बोलणं सोमवारी, शक्यतो सकाळी, त्यांच्या केबिनमध्ये दार लावून. राजीनामा फाडायची घाई नको, ड्रॉवरमध्ये राहू दे. तीन महिन्यांनी, बाई रुळलेली असताना आणि सलग काही रात्री झोप मिळालेली असताना तो पुन्हा वाचा. तेव्हाही द्यावासा वाटला तर तो तुमचा विचार करून घेतलेला निर्णय असेल आणि मी त्याला नाही म्हणणार नाही. तपासणीत काय निघालं आणि मॅनेजर काय म्हणाले, ते मात्र नक्की लिहा. ऑफिसातून नकार आला तर पुढे काय मागायचं ते आपण त्या उत्तरावरून ठरवू.